सहा मिनिटांत किती चाललात? मोबाईल, दोरी आणि कसब्यातल्या गल्ल्या

एप्रिल २०२१ मधला तो सरकारी निरोप बऱ्याच जणांना आठवत असेल. कोरोनाची दुसरी लाट जोरात होती, दवाखान्यात खाट मिळत नव्हती, आणि राज्याच्या आरोग्य विभागाने घरीच असलेल्यांसाठी एक साधी चाचणी सांगितली होती: सहा मिनिटे चालून बघा. बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा पाहायचा. मग घरातल्या घरात सपाट फरशीवर, जिना न चढता, मध्यम गतीने सहा मिनिटे चालायचे आणि पुन्हा आकडा पाहायचा. तो ९३ च्या खाली गेला, किंवा आधीपेक्षा तीनहून जास्तने घसरला, किंवा धाप लागली, तर घरी थांबायचे नाही, दवाखाना गाठायचा. साठी ओलांडलेल्यांनी तीनच मिनिटे चालावे, दम्याच्या रुग्णांनी करू नये, हेही त्यात होते.

आपल्या भागात त्याची गरज किती होती ते आकडेच सांगतात. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये आयसर आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ यांच्या संशोधकांनी पुण्यातल्या पाच प्रभागांत रक्ततपासणी केली. त्यात कसबा-सोमवार पेठही होती. पाचही प्रभाग मिळून ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात कोरोना होऊन गेल्याची खूण मिळाली. आता दहा बाय बाराच्या खोलीत सहा मिनिटे चालायचे म्हणजे पलंग आणि मोरी यांच्यामध्ये येरझाऱ्या घालायच्या. तरी लोकांनी घातल्या. लाट ओसरली, ऑक्सिमीटर कपाटात गेले, आणि ती चाचणीही त्यांच्याबरोबर विसरली गेली.

विसरायला नको होती. कारण ती मुळात कोरोनाची चाचणी नव्हतीच. ती दम मोजण्याची चाचणी आहे, आणि धडधाकट माणसालाही तिचा उपयोग आहे. शिवाय आता ती मोबाईलमध्ये आली आहे. ॲप उघडायचे, बटण दाबायचे, सहा मिनिटे चालायचे, आणि मोबाईल सांगतो तुम्ही किती मीटर चाललात. वस्तीतल्या तरुण पोरांच्या मोबाईलमध्ये पावले मोजणारी ॲप्स आहेतच. कोणाची किती झाली याच्या पैजाही लागतात. पण मोबाईलने दाखवलेला आकडा खरा किती, तो कधी धरावा आणि कधी सोडून द्यावा, हे कोणी सांगत नाही. या महिन्याच्या आरोग्याच्या पानावर तेवढेच बघू.

आधी चाचणीचे कूळ. १९६८ साली केनेथ कूपर या अमेरिकन हवाई दलातल्या डॉक्टरांनी सैनिकांसाठी बारा मिनिटांची धाव ठरवली. जो बारा मिनिटांत जास्त अंतर कापेल त्याचे हृदय-फुप्फुस जास्त तगडे, असा सरळ हिशेब. १९७६ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी तीच कल्पना छातीच्या जुनाट आजाराच्या रुग्णांसाठी घेतली, फक्त धावण्याऐवजी चालायला लावले. पण आजारी माणसाला बारा मिनिटे फार होतात. १९८२ मध्ये दोन, सहा आणि बारा मिनिटे अशी तुलना झाली आणि सहा मिनिटांवर काम भागते हे दिसले. पुढे २००२ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने तिची नियमावली केली, आणि आज जगभरातली इस्पितळे थोड्याफार फरकाने तीच वापरतात.

नियम अवघड नाहीत. तीस मीटरचा सरळ, सपाट, टणक रस्ता. दोन्ही टोकांना खूण. सहा मिनिटांत जास्तीत जास्त अंतर चालायचे. पळायचे नाही. दम लागला तर थांबायचे, भिंतीला टेकायचे, पण घड्याळ चालूच राहते. शेवटी फेऱ्या मोजायच्या, उरलेले मीटर मिळवायचे. संपले. या चाचणीला ना यंत्र लागते, ना वीज, ना पैसे. वैद्यकशास्त्रात इतकी स्वस्त तपासणी क्वचितच सापडेल.

मोबाईल ही चाचणी दोन तऱ्हेने करतो. पहिली तऱ्हा उपग्रहाची. आकाशातल्या निदान चार उपग्रहांचे संदेश मोबाईलला मिळतात, कोणता संदेश यायला किती वेळ लागला यावरून तो आपली जागा काढतो, आणि अशा एकेका जागेमधले अंतर जोडत जातो. दुसरी तऱ्हा हिसक्यांची. मोबाईलच्या आत हालचाल ओळखणारा बारीक संवेदक असतो. प्रत्येक पावलाला शरीराला बसणारा हिसका तो टिपतो. पावले मोजली की त्यांना पावलाच्या लांबीने गुणायचे. ही लांबी ॲप बहुधा तुमच्या उंचीवरून अंदाजाने धरते.

ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये अशा एका ॲपवरचे काम प्रसिद्ध केले. त्यांना लवकरच कळले की घराबाहेर आणि घरात एकच हिशेब चालत नाही. म्हणून त्यांनी दोन वेगळे हिशेब केले. उघड्यावर उपग्रहाच्या भरवशावर अंतर काढायचे, आणि तिथे शक्य तितके सरळ चालायचे. आत, जिथे उपग्रह दिसत नाही, तिथे रस्त्याची लांबी आधीच सांगायची आणि मोबाईलने फक्त माणूस किती वेळा मागे वळला ते मोजायचे. म्हणजे विद्यापीठातले तज्ज्ञसुद्धा शेवटी मोजलेल्या रस्त्याकडे आणि फेऱ्यांकडेच आले.

आता हे सगळे कसबा पेठेत आणून बघा. शनिवारवाड्यासमोरचे पटांगण सोडले तर उघडे आकाश कुठे आहे? तांबट आळीत, कुंभारवाड्याच्या बाजूला, फडके हौदाच्या मागच्या बोळांत दोन्ही बाजूंनी भिंती अंगावर येतात. जुने वाडे पाडून उंच इमारती झाल्या, गल्ली मात्र तेवढीच राहिली. उपग्रहाचा संदेश अशा ठिकाणी सरळ येत नाही, समोरच्या इमारतीवर आपटून उशिरा येतो, आणि मोबाईलला वाटते आपण भलतीकडेच आहोत. उघड्या मैदानात साधारण पाच मीटरची चूक होते. बोळात ती बरीच वाढते. नंतर नकाशा उघडून पाहिला तर आपण सरळ चाललेले असतो आणि रेघ मात्र लोकांच्या स्वयंपाकघरांतून नागमोडी गेलेली दिसते. नागमोडी रेघ सरळ रेघेपेक्षा लांब असते. ॲप ते जास्तीचे अंतर तुमच्या नावावर जमा करते आणि तुम्ही खूश होता.

उलटेही घडते. तीस मीटरच्या रस्त्यावर ये-जा केली की वळणाची टोके मोबाईलच्या हातून निसटतात, तो कोपरे कापतो आणि अंतर कमी दाखवतो. आज जास्त, उद्या कमी. प्रकृतीत काहीच बदल नसतो, बदलते ती मोबाईलची चूक.

पावलांच्या मोजणीचेही तसेच. सावकाश चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा हिसका इतका हलका असतो की संवेदकाला तो पाऊल वाटतच नाही. खड्ड्यांतून रिक्षाने गेलो तर कधीकधी पावले वाढलेली दिसतात. आणि आपल्या घरांत एक वेगळीच अडचण आहे, जी या ॲप बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही आली नसेल: एका घरात चांगला मोबाईल एकच. सकाळी तो वडिलांबरोबर कामावर, संध्याकाळी पोराच्या हातात, रात्री आईच्या हातात. ॲप मात्र सगळ्यांना एकच माणूस समजते. त्याची आठवड्याची सरासरी म्हणजे अख्ख्या घराची खिचडी.

बायकांचे तर विचारूच नका. साडीला खिसा नसतो. मोबाईल पर्समध्ये, नाहीतर फळीवर चार्जिंगला. २०१७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात १११ देशांतल्या सात लाखांहून अधिक मोबाईलधारकांच्या पावलांचा अभ्यास आला होता. त्यात भारताची सरासरी दिवसाला ४,२९७ पावले निघाली, आणि बायका पुरुषांपेक्षा कमी चालतात असेही दिसले. वर्तमानपत्रांनी लगेच भारतीय आळशी असल्याच्या बातम्या केल्या. पण ती पावले कोणाची? ज्याच्याकडे महागडा मोबाईल आहे, ज्याने ते ॲप घेतले आहे, आणि जो मोबाईल अंगावर बाळगून हिंडतो, त्याची. पहाटे उठून चार घरची धुणीभांडी करणारी, तीन-तीन मजले चढणारी आपली ताई त्या आकड्यात नाही. झाडू मारत पेठेच्या या टोकापासून त्या टोकाला जाणारी सफाई कामगार मावशीही नाही. जो मोजला गेला नाही तो चाललाच नाही, असे मानणाऱ्या आकड्यांकडे आपण थोडे जपूनच बघावे.

मग मोबाईल टाकून द्यायचा का? मुळीच नाही. त्याच्याकडून ते काम घ्यायचे जे तो बिनचूक करतो: घड्याळ. सहा मिनिटांचा गजर लावायचा. अंतर मोजायचे काम दोरीला द्यायचे.

वस्तीत कोणी ना कोणी गवंडीकाम किंवा सुतारकाम करणारा दादा असतोच. त्याच्याकडे पाच मीटरचा लोखंडी टेप असतो. तो सहा वेळा लावला की तीस मीटर. एकदा नायलॉनची दोरी तेवढी कापून ठेवली की पुढच्या प्रत्येक वेळी टेप शोधायला नको. दोरी टाकायची, दोन टोकांना वीट किंवा खडूची खूण करायची, मधे प्रत्येक पाच मीटरवर एक रेघ ओढायची. मोजणारा दुसरा माणूस हवा, कारण चालणाऱ्याचे फेऱ्यांचे गणित हमखास चुकते. शाळकरी पोरीच्या हातात वही-पेन्सिल द्या, ती प्रत्येक फेरीला एक काडी मारेल. सोळा काड्या आणि वर वीस मीटर म्हणजे पाचशे मीटर. सहा मिनिटांत पाचशे मीटर म्हणजे तासाला पाच किलोमीटरची चाल.

जागा कुठे? शनिवारवाड्यासमोर सकाळी लवकर, गाड्या आणि सहली यायच्या आत. महापालिकेच्या शाळेचे पटांगण मिळाले तर उत्तम. रहदारीच्या गल्लीत ही चाचणी करू नये. दुचाकीला वाट द्यायला थांबलात की आकडा गेला, आणि जिवाला धोका तो वेगळाच. विहाराचे सभागृह पंधरा मीटरचे असले तरी चालते, मात्र तिथे वळणे दुप्पट होतात आणि दर वळणाला वेग मोडतो. त्यामुळे विहारातला आकडा मैदानातल्यापेक्षा कमीच येणार. एक जागा धरली की तीच ठेवा.

चाचणीआधी दोन तास पोटभर जेवण नको, अगदी उपाशीही नको. पायात रोजची चप्पल नको, बूट किंवा पट्ट्याची सँडल असावी. आधी दहा मिनिटे शांत बसा आणि मनगटावर नाडी मोजा: पंधरा सेकंदांचे ठोके, त्याला चारने गुणायचे. चालून झाल्यावर पुन्हा मोजा. पहिल्यांदा चालताना माणूस अंदाज घेतो, कधी सुरुवातीलाच जोर करून चौथ्या मिनिटाला थकतो. म्हणून अर्ध्या तासाने दुसऱ्यांदा चाला आणि दोन्हींतला मोठा आकडा लिहा. लिहिताना तारीख, वेळ, जागा आणि नाडी हे चारही लिहा. नुसता आकडा महिन्याने काहीच सांगत नाही.

कोणी करू नये, तेही नीट वाचा. गेल्या महिन्याभरात हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, किंवा बसल्या जागी छातीत दुखत असेल, तर ही चाचणी घरी नाही. बसलेले असताना नाडी १२० च्या वर, किंवा रक्तदाब १८०/१०० च्या वर असेल तर आधी डॉक्टर. चालता चालता छातीत दुखले, धाप आवरेना, पायात गोळे आले, तोल गेला, दरदरून घाम फुटला किंवा चेहरा पांढरा पडला, तर तिथेच थांबा. एवढे लांबपर्यंत आलो, अजून दोनच मिनिटे, असे करू नका.

आता सगळ्यांचा आवडता प्रश्न: किती मीटर म्हणजे चांगले?

इथे ॲप हमखास दिशाभूल करते. चाचणी संपली की बरीच ॲप्स ‘तुमच्या वयाच्या मानाने इतके टक्के’ असे काहीतरी दाखवतात. ते टक्के एखाद्या सूत्रातून येतात, आणि सूत्र कोणाच्या शरीरावरून बनवले हे ॲप सांगत नाही. सर्वांत प्रसिद्ध सूत्र १९९८ मधले, अमेरिकेतल्या ४० ते ८० वयाच्या निरोगी माणसांवरून काढलेले. त्या गटात पुरुषांचा मधला आकडा ५७६ मीटर होता, स्त्रियांचा ४९४. समजा आपली एक ताई आहे: वय ४५, उंची १५२ सेंटीमीटर, वजन ५८ किलो. अमेरिकन सूत्र म्हणते तिने सुमारे ५९५ मीटर चालायला हवे. २०१४ मध्ये ‘लंग इंडिया’ या नियतकालिकात निरोगी भारतीयांवरून काढलेले सूत्र आले. त्यात तीच ताई टाकली तर उत्तर येते सुमारे ५१७. ताई तीच, पाय तेच, आणि फरक जवळजवळ ऐंशी मीटरचा! ताई ५२० चालली तर एक सूत्र तिला पास करते आणि दुसरे काळजीत टाकते. शिवाय माणसामाणसांत जो फरक असतो त्याचा जेमतेम पाव हिस्साच त्या भारतीय सूत्राला वय, उंची आणि वजन यांवरून पकडता येतो. बाकीचा फरक सवयीचा, रक्ताचा, फुप्फुसांचा, गुडघ्यांचा, आणि त्या दिवशीच्या मनाचा. गोव्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनीही २०१६ मध्ये पश्चिम भारतातल्या निरोगी लोकांसाठी वेगळे सूत्र दिले, ते याच कारणाने.

म्हणून माझे मत सरळ आहे. सूत्र बाजूला ठेवा. शेजारच्याशी तर तुलना करूच नका. तो सहा इंचांनी उंच असेल तर त्याची टांगच लांब आहे. स्वतःची तुलना स्वतःशी करा, त्याच जागी, त्याच वेळी, दोन महिन्यांच्या अंतराने. आणि पाच-दहा मीटरच्या फरकाचा आनंद किंवा दुःख करू नका. छातीच्या आजारांच्या रुग्णांमध्ये डॉक्टर साधारण तीस मीटरचा फरक झाला तरच तो खरा धरतात. आपणही तेवढाच कस लावावा. आपल्या दोरीची एक अख्खी फेरी वाढली किंवा घटली, तर काहीतरी बदलले आहे.

घटली तर काय, हे जास्त महत्त्वाचे. आपल्याकडे दम लागणे हे वयावर किंवा कामावर ढकलले जाते. ‘आता पहिल्यासारखं होत नाही’ असे पस्तिशीतली बाई म्हणते आणि घरातले मान डोलावतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. ते कमी असेल तर हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात, आणि चालताना धाप लागते. अशा ताईने रोज चालण्याचा कितीही निर्धार केला तरी आकडा वाढणार नाही. तिला आधी लोह हवे, चाल नंतर. म्हणून ज्या बाईचा आकडा घटला आहे, किंवा चालल्यावर नाडी बराच वेळ खाली येत नाही, तिने महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन तपासावे. कसब्यातून कमला नेहरू रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे, ससूनही लांब नाही. जाताना वही बरोबर न्या. ‘दम लागतो’ असे सांगितले तर डॉक्टर मान हलवतील. ‘फेब्रुवारीत ४८० मीटर चालत होते, आता ४१० वर धाप लागते’ असे सांगितले तर ते पेन खाली ठेवून ऐकतील.

रक्त ठीक असेल तर पुढचा शोध छातीचा. चुलीच्या किंवा बंबाच्या धुरात वर्षे काढलेल्या आजी, तंबाखू-बिडीवाले काका, भांड्यांना कल्हई-पॉलिश करणारे, रंगकाम करणारे, यांचा दम हळूहळू जातो, इतका हळू की माणूस नकळत आपले चालणेच कमी करतो आणि त्याला वाटते आपण बरे आहोत. चालण्याची वही हा चोर लवकर पकडते.

इथे कष्टकरी वाचक विचारतील, आणि त्यांनी विचारावेच: आम्ही दिवसभर पायावरच असतो, आम्हाला ही चाचणी कशाला? याचे उत्तर गोड नाही. डेन्मार्कमध्ये एक लाखाहून अधिक प्रौढांची पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. फावल्या वेळात हिंडणाऱ्या-खेळणाऱ्यांना हृदयविकार कमी होता. पण कामावर जास्त अंगमेहनत करणाऱ्यांना मात्र तो जास्त होता. संशोधकांचा तर्क असा की कामावरची मेहनत तासन्‌तास चालते, वेग आपल्या हातात नसतो, विश्रांती मिळत नाही, आणि रक्तदाब दिवसभर चढलेला राहतो. हमालीने पाठ झिजते, हृदय तगडे होईलच असे नाही. म्हणजे मालकासाठी उचललेले पाऊल आणि स्वतःसाठी उचललेले पाऊल शरीराच्या खात्यात सारखे जमा होत नाही. यात दोष कष्टकऱ्याचा नाही, ज्या कामात बसायला स्टूलही मिळत नाही त्या कामाचा आहे. पण तोवर आपले शरीर आपल्याच ताब्यात ठेवायचे असेल तर त्याचे माप घेत राहिले पाहिजे. दिवसभर राबून आलेल्या माणसाने वर आणखी तासभर चालावे असे मी म्हणणार नाही. सुट्टीच्या दिवशी, झोप पुरी झाल्यावर, सहा मिनिटे.

ज्यांचे काम बसून आहे, शिलाई मशीनवर, दुकानात, रिक्षात किंवा अभ्यासाच्या टेबलावर, त्यांचे मात्र वेगळे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम कष्टाची हालचाल सांगते. मध्यम कष्ट ओळखायची सोपी खूण अशी: मिनिटाला साधारण शंभर पावले, आणि चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही. याला ना तीस मीटर लागतात, ना उपग्रह. नव्या पुलावरून महापालिकेपर्यंत जाऊन या. एक मिनिट पावले मोजा, नव्वद भरली तर जरा झपझप चला. आणि ‘दहा हजार पावले’ या मंत्राचे ओझे डोक्यावर घेऊ नका. १९६५ च्या सुमारास जपानमधल्या एका कंपनीने पावले मोजायचे यंत्र विकायला काढले, त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होता. तो आकडा जाहिरातीतून जगभर गेला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्कर स्त्रियांच्या अभ्यासात दिवसाला ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचा धोका घटलेला दिसला, आणि ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही.

चालण्याचे मोल आपल्या परंपरेला नवे नाही. अंगुत्तर निकायात चंकम सुत्त आहे, येरझाऱ्या घालत चालण्यावर. भगवान बुद्धांनी त्याचे पाच फायदे सांगितले आहेत: दूरच्या प्रवासाची ताकद येते, प्रयत्नांची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते, आणि चालता चालता साधलेली एकाग्रता जास्त टिकते. पाचांपैकी तीन तरी आजच्या कोणत्याही डॉक्टरच्या तोंडी शोभतील. विहारात ये-जा करायला लाजायचे काही कारण नाही.

मोबाईलबद्दल दोन गोष्टी राहिल्या. चालण्याच्या ॲपला फार तर तुमची जागा आणि हालचाल कळायला हवी. ते तुमचे संपर्क, फोटो किंवा संदेश मागत असेल तर त्याला चालण्याशी काही देणेघेणे नाही, काढून टाका. आणि कॅमेऱ्यावर बोट ठेवून प्राणवायू मोजून देतो म्हणणाऱ्या ॲपपासून चार हात लांब राहा. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, केंद्रीय गृहखात्याच्या ‘सायबर दोस्त’ने अशा बनावट ऑक्सिमीटर ॲपबद्दल लोकांना सावध केले होते, कारण ती मोबाईलमधली खाजगी माहिती आणि बोटाचा ठसाही चोरू शकतात. प्राणवायू मोजायचा असेल तर बोटाला लावायचे खरे यंत्रच हवे. २०२१ मध्ये घेतलेला ऑक्सिमीटर अजून कपाटात असेल. सेल बदलून बघा, चालत असेल तर चालण्याआधी आणि नंतरचा आकडाही वहीत लिहा.

पहिली नोंद करायला हिवाळ्याची सकाळ सर्वांत चांगली. एप्रिल-मेमध्ये सातच्या आत उरका, उन्हात आकडा पडतो. पावसाळ्यात ओल्या फरशीवर नको, विहाराच्या सभागृहात करा आणि पुढे ‘विहार’ असे लिहून ठेवा. गणपतीच्या दहा दिवसांत कसब्यात मांडव आणि माणसांच्या गर्दीत तीस मीटर मोकळे मिळणारच नाहीत. त्या महिन्याची ओळ कोरी राहिली तरी चालेल.